रजेवर आहात, मुदत रजेवर नाही : बाळंतपण आणि ब्रिटनमधलं एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल (नोकरीच्या तंट्यांचं न्यायालय)

प्रश्न : मी मॅटर्निटी लीव्हवर असताना टीममध्ये रिडंडन्सी (जागाच रद्द करून कर्मचारी कमी करणं) आली. दुसऱ्या विभागात माझ्याच कामाची जागा रिकामी होती, ती सहकाऱ्याला दिली. एचआर म्हणतं, ‘तो इंटरव्ह्यूत सरस ठरला.’

उत्तर : तुम्हाला इंटरव्ह्यूला बसवायचंच कारण नव्हतं. रजेवरच्या बाईची जागा जात असेल आणि तिला साजेशी दुसरी जागा रिकामी असेल, तर ती आधी तिलाच द्यावी लागते. ६ एप्रिल २०२४ पासून हे संरक्षण गरोदरपण कळवल्यापासून साधारण बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत मिळतं. एचआरचं ते वाक्य ईमेलमध्ये असेल तर जपून ठेवा. त्यांनी स्वतःच्या हाताने पुरावा लिहून दिलाय.

प्रश्न : कंपनीत ग्रीव्हन्स (लेखी तक्रार) दिली आहे. नवरा म्हणतो, तिचा निकाल लागू दे, मग ट्रायब्युनलचं बघू.

उत्तर : अजिबात थांबू नका. भक्कम केस बुडते ती इथेच. मुदत असते घटनेपासून तीन महिने, त्यात एक दिवस कमी. घटना १० मार्चची असेल तर शेवटचा दिवस ९ जून. त्याआत एकॅसकडे (नोकरीचे वाद मिटवणारी सरकारी संस्था) अर्ली कन्सिलिएशनसाठी, म्हणजे दाव्याआधीच्या समेटासाठी, कळवावंच लागतं. तेव्हा कुठे घड्याळ थांबतं. ग्रीव्हन्सने ते थांबत नाही, रजेनेही नाही, आणि बाळ रात्रभर जागवतंय म्हणून तर नाहीच. मुदत सहा महिने करणारा कायदा २०२५ मध्ये मंजूर झालाय खरा, पण तो तुमच्या घटनेला लागू आहे असं एकॅसकडून कळेपर्यंत तीनच धरा.

प्रश्न : नोकरीला जेमतेम आठ महिने झालेत. गरोदर आहे म्हटल्यावर काढलं. अन्यायाने काढल्याचा दावा करायला लागणारी दोन वर्षांच्या नोकरीची अट आड येईल?

उत्तर : नाही. कारण गरोदरपण असेल तर ती अट नाही. काढण्याचं लेखी कारणही न मागता मिळायला हवं.

प्रश्न : मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. दाव्यामुळे व्हिसा जाईल का? खर्च किती?

उत्तर : दाव्याने व्हिसा जात नाही. नोकरी गेली तर मात्र होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) तो बहुधा ६० दिवसांवर आणतं, तेव्हा नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी) शोधणं आणि दावा एकदमच चालवावं लागतं. ट्रायब्युनलची फी सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये रद्द केली. वकिलाचे पैसे मात्र जिंकलात तरी सहसा परत मिळत नाहीत. घराच्या विम्यात लीगल कव्हर (वकिलाच्या खर्चाचा विमा) आहे का बघा, आणि असेल तर वकील नेमण्याआधी विमा कंपनीला फोन करा.