वडिलांशी पैशांवरून वाद घालायच्या आधी हे कर

पहिल्या नोकरीबद्दल अभिनंदन रे! वडील एफडीचा हट्ट धरतात आणि तुला एसआयपी, म्हणजे दरमहा थोडे पैसे म्युच्युअल फंडात टाकणं, चालू करायचीय म्हणून रोज खटके उडतायत म्हणतोस, तर माझं ऐक, आधी पैशांचा विषयच काढू नको, त्यांना लहानपणाबद्दल विचार. तुमचं गाव माणदेशातलं ना, मग १९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजायचं ते विचार. तेव्हा परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, खाऊन लोकांनी दिवस काढलेत, बायामाणसं खडी फोडायला जायची, दुष्काळी कामावर सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा. अशा माणसाला ताटात टाकलेलं अन्न बघवत नाही, त्याला कंजूष म्हणू नये.

आणि आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत होते म्हणालास, म्हणजे वडील ऐन कॉलेजच्या वयात असताना १८ जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, कामगार नेते दत्ता सामंतांनी संप शेवटपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलाच नाही आणि कित्येकांना परत कामावर घेतलंच नाही. पगार एका दिवसात थांबतो हे त्यांनी घरात बघितलंय, तू नाही. तू १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतरच्या जगात वाढलास, तुला नोकरी बदलणं, कर्ज काढणं नॉर्मल वाटतं, त्यातही तुझं काही चुकत नाही.

म्हणून सांगतो, आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी एफडी कर, पावती त्यांच्या हातात दे, मग एसआयपी छोट्या रकमेने चालू कर आणि हो, त्यांच्यापासून लपवून अजिबात नको.