व्हेरियंटचं नंतर बघू, आधी पॉलिसीचं पाकीट उघडा

प्रश्न : वय ३६, राहायला ठाण्यात. हातात येणारा पगार ८५ हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगी सहा वर्षांची. पहिली गाडी घेतोय. वरच्या व्हेरियंटला कंपनीचं नेव्हिगेशन आहे, शोरूम किंमत ११ लाख. मधलं ९ लाख २० हजारांचं, त्यात स्क्रीन आहे पण नकाशासाठी फोन जोडावा लागतो. सगळ्यात खालचं ८ लाख ६० हजारांचं, त्यात स्क्रीनच नाही. बाहेर २२ हजारांत अँड्रॉइड स्टिरिओ बसवून मिळतो. महिन्यातून दोनदा साताऱ्याजवळ गावी जातो. वाटेत रेंज जाते, म्हणून कंपनीच्या नेव्हिगेशनकडे कल आहे. पैशांची सोय झाली आहे. एफडीतले ४ लाख भरणार, बाकी ९ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी मंजूर झालंय. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी एक योजनाही करून दिली. वर्षाला १ लाख २० हजार, पाच वर्षं भरायचे. पाचव्या वर्षाअखेर १० लाख मिळतील आणि त्यातून कर्ज फेडायचं. त्या योजनेमुळे व्याजदर अर्धा टक्का कमी झाला. पॉलिसीचं पाकीट या महिन्याच्या ४ तारखेला आलं. तर व्हेरियंट कोणतं घेऊ?

उत्तर : मधलं घ्या. कारणं खाली आहेत, पण ती आठवडाभराने वाचलीत तरी चालेल. पाकिटाचं तसं नाही.

पत्रासोबत पाठवलेल्या पहिल्या पानावर 'युनिट लिंक्ड' असं छापलंय. म्हणजे ही युलिप आहे, विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र केलेली पॉलिसी. त्याच पानावर हेही छापलंय की गुंतवणुकीची जोखीम पॉलिसीधारकाची आणि पहिली पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत. '१० लाख मिळतील' हे मात्र कुठेही छापलेलं नाही, कारण तसं छापायला परवानगीच नाही. पाकिटात 'बेनिफिट इलस्ट्रेशन' नावाचा तक्ता असेल, तो काढा. त्यात परताव्याचे दोनच दर दिसतील, ४ टक्के आणि ८ टक्के, आणि त्यांचीही हमी नाही.

आता हिशोब. वर्षाला १ लाख २० हजार, पाच हप्ते, एकूण ६ लाख. त्याचे पाच वर्षांत १० लाख व्हायला सगळे खर्च वजा जाऊन दरसाल १७ ते १८ टक्के परतावा लागतो, तोही पाच वर्षं सलग. ८ टक्क्यांचा रकाना धरला आणि त्यातून शुल्कं वजा केली, तर हातात सव्वासात लाखांच्या आसपास येतील. बाजार मंदीत असेल तर त्याहून कमी.

आणि १० लाखांची गरज आली कुठून? ९ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं, म्हणजे हप्ता साधारण १४,७०० रुपये. पाच वर्षं हप्ते भरून झाल्यावर मुद्दल राहतं जेमतेम ३ लाख २० हजार. जे कर्ज तोपर्यंत तुम्हीच बहुतांश फेडलेलं असेल, ते फेडायला १० लाखांची योजना विकली गेली. हा हिशोब बँकेच्या संगणकावर अर्ध्या मिनिटात दिसतो. तो तुम्हाला दाखवला गेला नाही, हा विसराळूपणा नाही.

दरमहा जाणारे पैसे एकत्र धरा. हप्ता १४,७०० आणि युलिपचे महिन्याला १० हजार, मिळून २४,७००. युलिप न घेता हीच रक्कम कर्जात गेली असती तर सात वर्षांचं कर्ज तीन वर्षं सात महिन्यांत संपलं असतं, आणि व्याज ३ लाख ३६ हजारांऐवजी सुमारे १ लाख ६५ हजार गेलं असतं. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून दुसऱ्या हाताने सहा-साडेसहा टक्के मिळवायचे, याला सोय म्हणत नाहीत.

अर्धा टक्का सवलतीचंही बघून घ्या. ९ लाखांवर सात वर्षांत ती सगळी मिळून १९-२० हजारांची. तिच्यासाठी तुम्ही ६ लाख पाच वर्षं अडकवताय.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लुक' मुदत असते. त्या मुदतीत ती परत करता येते. ४ तारखेपासून मोजलं तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती संपते. एक तपासा : पीडीएफ त्याआधी ईमेलवर आली असेल तर कंपनी ती तारीख धरेल. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, याच आठवड्यात जा.

जायचं विमा कंपनीच्या शाखेत, बँकेत नाही. बँकेत गेलात तर चहा मिळेल आणि 'सर, एक महिना थांबून बघा' हे ऐकायला मिळेल. तो महिना गेला की मुदतही गेली. सोबत न्या मूळ पॉलिसी, सही केलेला रद्द करण्याचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि एक कॅन्सल्ड चेक. कारण म्हणून 'अटी मान्य नाहीत' एवढं पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि तोच अर्ज त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर पाठवा. तोंडी आश्वासन म्हणजे पोच नव्हे. पॉलिसी परत केली की त्या दिवशीच्या एनएव्हीप्रमाणे, म्हणजे एका युनिटच्या भावाप्रमाणे, युनिटांचे पैसे मिळतात. काही दिवसांच्या विमासंरक्षणाचा भाग, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा होतो. पैसे खात्यात आल्यावर पुढच्या हप्त्यासाठी दिलेला नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी, रद्द करायचा. हे अनेकजण विसरतात आणि वर्षभराने १ लाख २० हजार कापल्याचा मेसेज येतो. कंपनीने टोलवाटोलवी केली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा.

मुदत हुकलीच तर? पहिल्या वर्षी बंद केल्यास तुमच्या हप्त्याच्या पॉलिसीवर जास्तीत जास्त ६ हजार रुपये कापतात, उरलेले पैसे डिसकंटिन्यूड फंडात, म्हणजे बंद पडलेल्या पॉलिसींच्या फंडात, जातात आणि पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तिथेच राहतात. त्यावर किमान ४ टक्के मिळतात. वाईट आहे, पण पुढचे चार हप्ते भरण्याहून बरं.

पॉलिसी परत केली तर कर्ज रद्द होईल, अशी भीती घातली जाईल. कर्जासाठी ठरावीक विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. मंजुरीपत्रात व्याजदर लिहिलेला असतो, त्यात पॉलिसीची अट आहे का ते वाचा. दर अर्धा टक्का वाढवलाच तर दुसऱ्या बँकेचा दर मागवा. कर्जाची रक्कम अजून उचललेली नाही, तेव्हा निर्णय अजून तुमच्याच हातात आहे.

या पॉलिसीत विमा आहे १२ लाखांचा. पत्नी कमावत नाही, मुलगी सहा वर्षांची, डोक्यावर कर्ज. १२ लाख दीड वर्षही पुरणार नाहीत. तुमच्या वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला १ कोटीचा टर्म विमा (गुंतवणूक नसलेला, निव्वळ आयुर्विमा) वर्षाला साधारण १५ हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तो आधी घ्या, गाडी नंतर. ऑफिसच्या आरोग्यविम्यावर विसंबून असाल तर कुटुंबाचा स्वतंत्र विमाही घ्या.

शिवाय एफडीतले चारही लाख गाडीत घालू नका. दुसरी शिल्लक पत्रात कुठे दिसत नाही. गाडी दारात आणि खात्यात शून्य, अशा अवस्थेत पहिलाच दवाखाना क्रेडिट कार्डावर जातो.

आता गाडी.

वरच्या आणि मधल्या व्हेरियंटमध्ये शोरूमचा फरक १ लाख ८० हजारांचा दिसतो, पण महाराष्ट्रात १० लाखांची रेषा ओलांडली की पेट्रोल गाडीचा आरटीओ कर ११ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर जातो, तोही पूर्ण किमतीवर. मधल्यावर तो १ लाख १ हजार, वरच्यावर १ लाख ३२ हजार. विमा सहा-सात हजारांनी जास्त. शिवाय १० लाखांपुढे १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, ११ हजार. तो विवरणपत्र भरताना परत मिळतो, पण आज खिशातून जातो. एकूण फरक २ लाख ३० हजारांच्या घरात. सात वर्षांच्या कर्जावर तो ३ लाखांच्या पुढे जातो. त्यात नेव्हिगेशनसोबत सनरूफ आणि अलॉय चाकंही येतात हे खरं, पण तुम्ही ती मागितलेली नाहीत.

पाच वर्षांनी विमा कंपनी गाडीची किंमत निम्म्यावर धरते. गाडी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक साल, किलोमीटर आणि इंजिन बघतं. पाच वर्षं जुन्या नकाशाचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

तुमचा खरा मुद्दा रेंजचा आहे आणि तो गैरसमजावर उभा आहे. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. फोन उपग्रहाचा सिग्नल थेट घेतो. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. तेव्हा चित्र आधीच उतरवून ठेवा. गुगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन नकाशे', मग स्वतःचा भाग निवडा, चौकट ठाण्यापासून साताऱ्याच्या पुढे गावापर्यंत ओढा आणि घरच्या वायफायवर डाउनलोड करा. फोनमध्ये जागा मोकळी हवी. नकाशा साधारण वर्षभर टिकतो, मध्ये अपडेट करत राहा. ऑफलाइन असताना ट्रॅफिक दिसत नाही, एवढीच उणीव. घाटात कंपनीच्या नेव्हिगेशनलाही ट्रॅफिक गाडीतल्या सिमवरूनच कळतो. जिथे कोणत्याच नेटवर्कला रेंज नाही तिथे तोही गप्प. शिवाय त्या सिमची सेवा पहिली काही वर्षं फुकट असते, पुढे वर्गणी. ती किती, हे बुकिंगआधी लेखी विचारा.

कंपनीचं नेव्हिगेशन सरस ठरतं ते एका ठिकाणी. बोगद्यात सिग्नल गेला तरी ते चाकांच्या वेगावरून आणि वळण ओळखणाऱ्या जायरोस्कोपवरून गाडी कुठे आहे याचा अंदाज बांधत राहतं. पण तुमच्या वाटेवर बोगदे भाताण, माडप, कामशेत. आत शिरलं की सरळ बाहेर. तिथे वळायचंच नाही, तर चुकणार काय?

उलट नकाशा ताजा ठेवण्यात फोन कितीतरी पुढे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. ज्या गाडीत त्याआधीचा नकाशा आहे आणि मालकाने अपडेट केलेला नाही, ती तिथे शेतातून धावताना दिसते.

मधल्या व्हेरियंटची स्क्रीन केबलने फोनला जोडली जाते. त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ स्वस्त किंवा लांब केबलमध्ये असतं. एक मीटरहून लहान, डेटा वाहून नेणारी चांगली केबल घ्या; नुसती चार्जिंगची चालत नाही. गाडीत यूएसबीची दोन-तीन छिद्रं असली तरी डेटाचं बहुधा एकच असतं. फोनच्या पोर्टमध्ये कापसासारखा मळ साचतो, मग खड्ड्यागणिक स्क्रीनची जोडणी तुटते आणि दोष गाडीला दिला जातो. लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, तो हलकेच काढा. वायरलेस करणारे डोंगल मिळतात, पण जीपीएस, वायफाय आणि चार्जिंग एकत्र चाललं की फोन तापतो. उन्हाळ्यात काचेवर लावलेला फोन आधी मंद होतो, मग चार्जिंग थांबवतो.

खालचं व्हेरियंट आणि बाहेरचा स्टिरिओ? करासकट फरक ६७ हजारांचा. स्टिरिओ २२ हजार, पण खालच्या व्हेरियंटला अनेकदा स्पीकर आणि मागचा कॅमेरा नसतो. ते धरले की ३५ हजारांच्या आसपास जाता. वाचतात ३० हजार. त्या बदल्यात जोखीम वायरिंगची. गाडीच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) न वापरता वायर कापून जोडली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद सुरू होतो. इग्निशनची आणि कायम वीज येणारी वायर अदलाबदल झाली तर गाडी चार दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरलेली सापडते. स्टिरिओ विम्यात नोंदवावा लागतो, त्याचा जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के अधिक कर. नोंदवला नाही तर चोरीनंतर एक पैसाही मिळत नाही. ज्याला ३० हजार फार महत्त्वाचे आहेत त्याने हे जरूर करावं, मात्र कपलर आणि फ्रेम त्याच मॉडेलची असल्याचं बिलावर लिहून घेऊन.

फोन हातात धरून नकाशा बघू नका. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

नवा आराखडा असा. मधलं व्हेरियंट, रस्त्यावर येईपर्यंत सुमारे १० लाख ७० हजार. एफडीतून अडीच लाख, दीड लाख तसेच ठेवा. कर्ज ८ लाख २० हजार, पाच वर्षं, हप्ता १७,२०० च्या आसपास. सात वर्षं घेऊन 'जमेल तसं आधी फेडू' म्हणू नका. वाहनकर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि त्यावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागू शकतं. २४,७०० मधून उरलेल्या साडेसात हजारांत टर्म विमा आणि आरोग्यविमा बसतो, शिल्लक एफडीत जाऊ द्या, ३ लाख होईपर्यंत. पेट्रोल यात धरलेलं नाही. गावच्या दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर, ७० लिटरच्या आसपास, म्हणजे ७ हजार, टोल वेगळा. ते पगारातून निघतंय का, हे बुकिंगआधी एक महिना तेवढे पैसे बाजूला काढून बघा.

टेस्ट ड्राइव्हला जाताना स्वतःचा फोन आणि स्वतःची केबल न्या. शोरूमच्या फोनवर सगळंच छान चालतं.