खोलीत एकटाच हातवारे करतो, काय करू?

"मॅडम, तो डोक्याला ते डबडं लावून खोलीत एकटाच हातवारे करतो, मधेच ओरडतो, हसतो, आत काय चाललंय आम्हाला काहीच कळत नाही." डबडं म्हणजे व्हीआर हेडसेट, डोळ्यांवर चढवला की आख्खा गेम आपल्याभोवती दिसतो तो. मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न या ना त्या शब्दांत माझ्याकडे आजकाल बऱ्याच घरांतून येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की आतलं ते टीव्हीवर पण दिसतं म्हणे, मग त्याला कायम टीव्हीवर लावूनच खेळायला सांगू का? त्यावर एक केसच सांगते. नावं बदललीत, ओळख पटेल असं बाकीचंही बदललंय.

ओम नववीत. घर नाशिकच्या इंदिरानगरला, वडील अंबड एमआयडीसीत शिफ्टला, आई घरी शिकवण्या घेते, शिवाय आजी आणि धाकटी बहीण सई. मामाने अमेरिकेहून येताना मेटा कंपनीचा क्वेस्ट थ्री एस हेडसेट आणला आणि पहिले काही दिवस घरात नुसती धमाल. मग हळूहळू ओम दार लावून खेळायला लागला, रात्री उशिरा खेळायला लागला, जेवायला बोलावलं तर चिडायला लागला. आजीचं म्हणणं याला बाहेरचं काहीतरी लागलंय. वडिलांचं म्हणणं सोपं होतं, हेडसेट चालू केला की टीव्हीवर दिसलाच पाहिजे, एक मिनिटही अपवाद नाही, नाहीतर कपाटात. आई मधल्यामधे.

माझ्यासमोर बसल्यावर वडील बराच वेळ बोलले, ओम खाली बघून बूट घासत होता. मग मी त्याला एकट्याला भेटले. सुरुवातीला "काही नाही", "ठीके" एवढंच. गेमबद्दल विचारलं तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. आणि मग तो बोलला ते असं, की "ते गेम बघतच नाहीत मॅडम, मला बघतात." आत्या आली होती, ओम हॉलमध्ये बीट सेबर नावाचा, गाण्यावर ठोकळे कापायचा गेम खेळत होता, तिने त्याचा व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली सगळ्यांचे हसण्याचे इमोजी, कोणीतरी लिहिलं माकड. त्याला हे रात्री कळलं. त्यानंतर दार बंद. घरात हे कोणाच्या लक्षातही नव्हतं, आईला तर तो व्हिडिओ गोडच वाटला होता.

आता विचार करा, वरातीत नाचणाऱ्यांना डीजेचा आवाज पूर्ण बंद करून बघितलं तर कसे दिसतील? व्हीआर खेळणारा बाहेरच्याला तसा दिसतो. त्याच्या डोळ्यांसमोर गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतायत, दोन्ही हातांत तलवारी आहेत, कुठला ठोकळा कुठल्या दिशेने कापायचा हे क्षणात ठरवायचंय, आणि आपल्याला दिसतो फक्त एक मुलगा, हवेत हात मारणारा. मोबाईलवरच्या गेमचं असं नसतं, मागून डोकावलं तरी कळतं काय चाललंय. इथे खेळणारा सोडून घरात कोणाला काहीच दिसत नाही, त्यामुळे एकतर हसू येतं नाहीतर भीती वाटते, आजीला भीती वाटली आणि आत्याला हसू आलं, मूळ कारण एकच.

म्हणून टीव्हीवर दाखवणं चांगलंच आहे, वडील त्या बाबतीत बरोबर होते. फक्त त्यांना ते पहाऱ्यासाठी हवं होतं आणि तिथेच सगळं अडलं होतं. पंधरा वर्षांच्या पोराला माहीत असतं कोण सोबत बसलंय आणि कोण नजर ठेवतंय. मी वडिलांना स्पष्ट सांगितलं की नजर ठेवायची तर त्याची सोय वेगळी आहे, फोनवरच्या मेटाच्या अ‍ॅपमध्ये पालकांसाठी सेटिंग असतं, किती वेळ खेळायचं, कुठले गेम घ्यायचे ते तिथे ठरवता येतं, आणि ते ओमच्या समोर बसून करा, लपूनछपून नको. (या कंपनीचा स्वतःचा अकाउंट तेराव्या वर्षापासून मिळतो, दहा ते बारा वयाला आईवडिलांनी सांभाळायचा वेगळा अकाउंट लागतो, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं आणि पोरं मोठ्यांच्याच अकाउंटवर खेळत असतात.) ते काम टीव्हीवर ढकलू नका म्हटलं. टीव्ही घरच्यांनी मिळून मजा बघण्यासाठी ठेवा.

मग आम्ही ठरवलं ते असं. टीव्हीवर कधी लावायचं हे ओम ठरवणार, पण आठवड्यातून एकदा तरी लावायचंच. कोणी फोन हातात घेऊन शूट करायचं नाही, कोणीच नाही. आणि बघणाऱ्यांनी निदान एक गाणं पूर्ण होईपर्यंत बसायचं, मधेच उठून "चल आता अभ्यासाला" नाही. अभ्यासाचं भांडण वेगळ्या वेळी भांडा. वडील म्हणाले "एक गाणं म्हणजे किती?" मी म्हटलं तीन-चार मिनिटं, तेवढ्यात तुमचा चहा पण संपत नाही.

टीव्हीवर आणायचं काम ओमवरच सोपवलं, मुद्दामच, घरात त्यालाच ते येतं आणि त्याला ते दाखवायला मिळालं पाहिजे. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, हेडसेट आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत, टीव्हीत क्रोमकास्ट (वायफायवरून चित्र टीव्हीवर आणायची सोय) असेल तर हेडसेटच्या शेअरिंगच्या मेनूमधून कास्ट करता येतं. यांचा टीव्ही जुना निघाला, मग लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये कास्टिंगचं पान उघडून तिथून एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलं. टीव्हीवरचं चित्र जरा मागून येतं, घाबरू नका, खेळणाऱ्याला हेडसेटमध्ये वेळेवरच दिसत असतं. ते चित्र अडकत-अडकत येत असेल तर राउटर हॉलमध्येच असलेला बरा. आणि खेळायची जागा! आपल्या हॉलमध्ये टीपॉय, शोकेस, वर पंखा, ओम बापाएवढा उंच, हात वर केला की पंख्याला लागेल. टीपॉय आत नेला, पंख्याखालून बाजूला सरकून हद्द आखून घेतली, कंट्रोलरचा पट्टा मनगटाला बांधायचाच हे ठरलं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. बघणाऱ्यांनाही गरगरतं. खेळणारा मान हलवतो ती त्याची स्वतःची असते, पण टीव्हीवर ती आख्खी खोली हलल्यासारखी दिसते, डोळे म्हणतात आपण फिरतोय आणि कान म्हणतात आपण सोफ्यावर बसलोय. पहिल्या दिवशी ओमने धावपळीचा गेम लावला आणि आईला दहा मिनिटांत मळमळायला लागलं. घरच्यांना दाखवायचं तर एका जागी उभं राहून खेळायचे गेम लावा आणि खेळणाऱ्याला मान सावकाश फिरवायला सांगा. आजीसाठी त्याने समुद्राखालचं एक अ‍ॅप लावलं, शेजारून देवमासा जातो ते. आजीने हेडसेट घालायला साफ नकार दिला पण टीव्हीवर बघून विचारलं "तुला ओलं लागतंय का रे?" आणि बाहेरचं लागण्याची गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली.

वडिलांचं मात्र जमेना. बसायचे, पण हाताची घडी घालून, आणि ओमला ते जाणवायचं. मग मी त्यांना उलटं काम दिलं, म्हटलं एक दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवा. कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स नावाचा एक गेम आहे, २०१५ चा, कॅनडातल्या छोट्या कंपनीचा. त्यात हेडसेटवाल्यासमोर बॉम्ब असतो आणि बाकीच्यांकडे तो निकामी करायची माहितीपुस्तिका, ती नेटवर फुकट मिळते, प्रिंट काढता येते. हेडसेटवाल्याला पुस्तिका दिसत नाही, पुस्तिकावाल्यांना बॉम्ब दिसत नाही, वर घड्याळ चालू. म्हणजे टीव्हीवर दाखवलंत तर गेमच संपला. इथे पोरगा सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यावाचून बापाला पर्याय नाही.

आईने नंतर फोनवर सांगितलं. वडील कंपनीत मशीनची मॅन्युअलं वाचणारा माणूस, चष्मा लावून पानं घेऊन बसले. "वायरी किती आहेत?" "तीन." "लाल आहे का एखादी?" "नाही पप्पा." "मग दुसरी काप. थांब थांब, दुसरी म्हणजे वरून मोज." पहिला बॉम्ब फुटला, दुसरा पण, कारण चार वायरींना सिरियल नंबर बघावा लागतो आणि वडिलांनी ती ओळ सोडली होती. तिसऱ्याला जमलं. सई ओरडत होती, जेवण गार झालं, आणि ओम म्हणाला पप्पा तुम्ही फास्ट वाचता पण नीट विचारत नाही. वडिलांनी ऐकून घेतलं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं, बॉम्बपेक्षा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्रीचं खेळणं अजून अधूनमधून होतं, त्यासाठी हेडसेट रात्री हॉलमध्ये चार्जिंगला राहील असं ठरवलंय, आणि पुढच्या वर्षी दहावी आहे त्यामुळे वेळेवरून वाद होणारच. आत्याला आईने स्वतः फोन करून सांगितलं आणि तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावला. ओमने मागितलं नव्हतं, पण त्याला कळलं.

आता तुमच्या घरी मूल टीव्हीवर दाखवायला "नाही" म्हणालं तर तेवढ्यावरून लगेच संशय घेऊ नका. आधी विचारा की कोणी हसलं होतं का, कोणी काही बोललं होतं का. उत्तर नाही मिळालं तर सोडून द्या, काही दिवसांनी परत विचारा, नाहीतर सरळ म्हणा मला शिकव, मी घालून बघते, आणि तुमची फजिती त्याला टीव्हीवर बघू दे. पण झोप उडालीय, खाणं कमी झालंय, मित्र तुटलेत, शाळेत जायला नको म्हणतोय, आतमध्ये अनोळखी माणसांशी बोलणं चालतं आणि विचारलं की घाबरतो, असं काही दिसलं तर मात्र टीव्हीच्या भरवशावर राहू नका, समुपदेशकाला भेटा, किंवा टेलि मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.