लोकांच्या मनाला आधार द्यायला पूरग्रस्त वाडीत पहिल्यांदा जाताय ना?

मोजकंच सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात पहिल्याच घरात मी घोडचूक केली. ओटीवरच्या काकूंना विचारलं, “नेमकं काय झालं त्या दिवशी?” त्यांच्या हातातली कपबशी किणकिणायला लागली, आणि मी वही उघडून बसलेलो! कुणाला सांगायला लावू नका. आपणहून बोलले तर मध्ये तोंड न घालता ऐका.

दुसरी चूक घाईची. पत्र्यावर सर वाजली की दचकणं, झोप उडणं, मोठ्या झालेल्या पोराने पुन्हा अंथरूण ओलं करणं, हे पहिले काही आठवडे होतं. लगेच ‘ट्रॉमा’चा, म्हणजे मनावरच्या खोल आघाताचा, शिक्का मारू नका, बहुतेक जण हळूहळू सावरतात. महिना उलटूनही तसंच राहिलं, कामधंदा सुटला, दारू वाढली, तर डॉक्टर. जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर मात्र त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आत्ताच फोनमध्ये घाला.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- आधी पाणी, कोरडे कपडे, ओळखीचं माणूस. धीराचे शब्द नंतर.
- मुलांना शाळा, खेळ, झोपेची वेळ जमेल तितकी पूर्वीसारखी.
- पुरुषमाणसं समोर बसवून बोलत नाहीत. दुकानातला चिखल उपसताना शेजारी फावडं घेऊन उभे राहा, मग बोलतात.
- ‘रडू नको’, ‘देवाची मर्जी’ घरीच ठेवून या.

उपचारपद्धतींची नावं सध्या राहू देत. गमबूट मात्र आणा, चप्पल पहिल्याच गाळात जाते.