गॅलियम आर्सेनाइडच्या फॅबमध्ये नोकरी घ्यावी का?

सायली, तुझा मेसेज मिळाला. जर्मनीत, सॅक्सनीतल्या कंपनीची ऑफर, काम फॅबमधल्या, म्हणजे गॅलियम आर्सेनाइड या आर्सेनिक असलेल्या अर्धवाहकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातल्या मशिनांच्या मेंटेनन्सचं, दीड-दोन वर्षांत तुम्हाला मूल हवंय, आणि काकू म्हणतायत, "आर्सेनिक म्हणजे विष, कशाला जातेस तिथे?" काकूंची काळजी अगदी रास्त आहे. तरी ये असंच मी म्हणेन, पण सही करण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घे.

तयार वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनवतात त्या पातळ चकत्या, हाताळण्यात मोठा धोका नाही. धोका आहे तो कापताना-घासताना उडणाऱ्या धुळीत आणि मशीनच्या आत साचलेल्या थरात. आयएआरसी या कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६च्या अहवालात गॅलियम आर्सेनाइड पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलंय. एरवी शिफ्टमध्ये सगळं बंद चेंबरमध्ये चालतं. ते चेंबर उघडून खरवडायचं, पंप आणि एक्झॉस्टची पाइप सोडवायची, हे मेंटेनन्सवाल्याचं काम, म्हणजे तुझं. म्हणून विचार: चेंबर उघडताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क देता का? धूळ ओल्या कापडाने आणि हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरच्या) व्हॅक्यूमने काढता का? लघवीतलं आर्सेनिक किती दिवसांनी तपासता? त्या तपासणीआधी तीन-चार दिवस सुरमई, कोळंबी सगळं बंद ठेवायचं. माशांतल्या निरुपद्रवी आर्सेनिकनेही आकडा चढतो आणि उगाच घाबरगुंडी उडते.

आर्साइन या आर्सेनिकच्या विषारी वायूबद्दल मात्र काकूंइतकीच धास्ती बाळग. अमेरिकेत त्याची आठ तासांची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग आहे. लसणासारखा वास यायला लागतो तोवर ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते, त्यामुळे नाकावर अजिबात विसंबू नकोस. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आधी विशेष काही जाणवत नाही, काही तासांनी लघवी लालसर होते. गॅस डिटेक्टर वाजला की हातातलं टाकून बाहेर पडायचं. चाकणच्या शॉप फ्लोअरवर आपल्याला "एवढं संपवून जातो" म्हणायची सवय लागते, ती तिथेच सोडून ये.

वेट बेंचवर, म्हणजे वेफर रसायनांत बुडवून धुतात त्या टेबलावर, हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल. पातळ असलं तर लागल्या लागल्या दुखतही नाही, तासांनी ठणका सुरू होतो. तोवर फ्लोराइड आत शिरून कॅल्शियम पकडत असतं, आणि जास्त अंगावर पडलं तर हृदय बंद पडू शकतं. भरपूर पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जायचं. पहिल्याच दिवशी ते जेल कुठल्या कपाटात आहे ते बघ आणि ट्यूबवरची एक्सपायरी वाच.

आता मुलाचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अभ्यासांत फॅबमधल्या बायकांत आपोआप होणारे गर्भपात जास्त आढळले. संशय फोटोरेझिस्टमधल्या (वेफरवर नक्षी उमटवायला लावतात त्या प्रकाशसंवेदी लेपातल्या) एथिलीन ग्लायकॉल ईथरांवर गेला, आणि पुढे उद्योगाने ती बरीचशी हटवली. पण एनएमपीसारखी (एन-मिथाइलपायरोलिडोन) गर्भाला घातक द्रावकं आजही काही ठिकाणी आहेत. जर्मन कायद्यात संरक्षण चांगलं आहे. दिवस गेल्याचं कळवलंस की काम बदलून द्यावं लागतं, ते जमत नसेल तर पगार चालू ठेवून घरी बसवावं लागतं. अडचण एकच: पहिले काही आठवडे आपल्यालाच माहीत नसतं. म्हणून प्रयत्न सुरू करायच्या आधीच कंपनीच्या डॉक्टरशी बोल. त्यांनी गुप्तता पाळायची असते, बॉसला कळत नाही. गरोदर बाईच्या दृष्टीने प्रत्येक कामाच्या धोक्याचं मूल्यमापन कंपनीला आधीच करून ठेवावं लागतं, ते बघायला माग.

मॅक्स म्युलर भवनातला जर्मनचा क्लास सोडू नकोस. रसायनांच्या सूचना तुला समजतील अशा भाषेत देणं इथे मालकावर बंधनकारक आहे, पण अलार्म वाजल्यावर शेजारचा माणूस जर्मनमध्येच ओरडणार.

ऑफरसोबत जॉब डिस्क्रिप्शन आलं असेल तर पाठव. कुठली मशिनं तुझ्याकडे येणार ते बघून आणखी काय विचारायचं ते सांगते. काकूंना हवं असेल तर रविवारी फोनवर त्यांच्याशीही बोलते.