‘असेल’, ‘असणार’ आणि इंग्रजीतला अंदाज

तुझी इंग्रजी वाक्यं वाचली. शब्द बरोबर आहेत, गडबड होतेय ती अंदाज किती पक्का आहे हे सांगताना. सकाळी रस्ता ओला दिसला की आपण म्हणतो, ‘पाऊस पडला असेल’ किंवा ‘पडला असणार’. पहिल्यात शंका, दुसऱ्यात जवळजवळ खात्री. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘इट माइट हॅव रेन्ड’, दुसऱ्यासाठी ‘इट मस्ट हॅव रेन्ड’. ‘पडलाच नसणार’ला ब्रिटिश लोक ‘कान्ट हॅव’ म्हणतात; अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव’ही चालतं. बोलताना हा ‘हॅव’ इतका पुसट होतो, की खुद्द इंग्रज मंडळी लिहिताना तिथे ‘ऑफ’ (of) ठोकून देतात! तू ते उचलू नकोस.

खरा सापळा अट आणि परिणाम सांगणाऱ्या ‘जर-तर’च्या वाक्यात आहे. ‘तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो’ यात आपल्याकडे दोन्ही बाजूंना ‘असतं-असतो’ येतं, म्हणून आपण ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी’ लिहून मोकळे होतो. काही अमेरिकन लोकही असं बोलतात, पण लिहिताना ‘वुड’ फक्त परिणामाकडे ठेव: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम’. आणि हो, ‘बिकॉज’ने सुरुवात केलीस तर पुढे ‘सो’ नको. माझी ही सवय सुटायला वर्षं लागली.