सभासदांच्या मालकीचं गिर्यारोहण-साहित्याचं दुकान वाढतं कसं, आणि कॅनडातली एमईसी ही अशीच सहकारी संस्था विकली का गेली?

वाढ होते ती सभासदांच्या खरेदीवर. अमेरिकेतली आरईआय ही अशी सहकारी संस्था १९३८ साली सिअ‍ॅटलमध्ये २३ गिर्यारोहकांनी सुरू केली. कारण साधं होतं: चांगली आइस-अ‍ॅक्स (बर्फावर चढताना वापरायची कुऱ्हाड) स्थानिक दुकानात महाग, ऑस्ट्रियातून थेट मागवली तर स्वस्त. वर्गणी १ डॉलर. आता एकदाच ३० डॉलर, आयुष्यभरासाठी. पूर्ण किमतीच्या पात्र खरेदीवर साधारण १०% रक्कम परत मिळते, पण ती सहसा दुकानातच वापरायची. म्हणजे हा लाभांश पुन्हा विक्रीत येतो. सेलमधला माल यात धरत नाहीत, हे नवे सभासद हमखास विसरतात.

कॅनडातली एमईसी (व्हँकुव्हर, १९७१) प्रत्येक सभासदाच्या ५ डॉलरच्या शेअरवर चालली. ५० लाख सभासद धरले तरी भांडवल जेमतेम अडीच कोटी डॉलर! बाहेरच्याला शेअर विकता येत नाही, त्यामुळे नवी दुकानं आणि माल यांसाठी नफा किंवा कर्ज एवढेच मार्ग. २०२० मध्ये कोविडनं दुकानं बंद पडली, रोकड आटली आणि न्यायालयीन संरक्षणाखाली (म्हणजे कर्जवसुली तात्पुरती थांबवून) संस्था एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकली गेली. सभासदांचं मतदान झालंच नाही. अशा प्रक्रियेत संस्थेला कर्ज देणाऱ्यांचा हक्क आधी येतो.